माझ्या रक्तातलं वेगळं अक्षर

प्रिय आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून आधी हेच सांगते, की मी ठणठणीत आहे. आता बाकीचं निवांत वाच.

आमच्या प्रयोगशाळेत पोटाच्या कॅन्सरच्या रुग्णांचं रक्त निरोगी माणसांच्या रक्ताशी ताडून बघतात. पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले रेणू असतात, जनुकांना आवर घालणारे. त्यांच्या जनुकीय लिपीतलं एखादं अक्षर काही जणांत जन्मतःच वेगळं असतं, आणि रुग्णांत ते जास्त आढळतं. निरोगी माणसं कमी पडली की आम्ही आपलाच दंड पुढे करतो. मीही केला, आणि ते वेगळं अक्षर माझ्यातच निघालं.

बाबांना याच आजाराने नेलं, मग मला घास कसा उतरणार? फोनवर तुला ‘काम फार आहे’ म्हणत होते, ते तेव्हाचं.

शेवटी आमच्या मॅडमनी कान उपटले. “या अक्षराने धोका जरासा वाढतो, इतकंच. दुसऱ्यांना रोज समजावतेस, स्वतःच्या वेळी कशी विसरलीस?” त्यांनीच दुर्बिणीच्या तपासणीला नेलं. पोट स्वच्छ आहे. पोटात जखमा करणारा एक जंतू सापडला, तो घरात एकाकडून दुसऱ्याला लागतो; त्यावर गोळ्या चालू आहेत. काल मी ताट चाटूनपुसून जेवले.

दादा अजून जेवणानंतर जळजळीवरचं ते गुलाबी औषध पितो का? त्यालाही एकदा तपासून घ्यायला लाव. मी सांगितलं म्हणू नकोस, उगाच फाटे फोडेल.

अक्षर बाबांकडून आलं की तुझ्याकडून, अजून माहीत नाही. तुझं असलं तर मी निर्धास्त आहे. तू या वयातही दगड पचवतेस.

तुझं,
शेंडेफळ