यायचं तिकीट रद्द झालंय

आबा,

तुम्ही मळ्यातनं यायच्या आत निघावं लागतंय, म्हणून लिहून ठेवते. कंपनीतल्या स्फोटात गेलेल्या मुकेशचं सामान त्याच्या आईला द्यायला हे सकाळी पाटण्याला निघाले, त्यांची तिकिटं मीच काढली होती. जायचं एका विमान कंपनीचं, यायचं दुसरीचं. वेगवेगळी काढली की स्वस्त पडतात. आत्ता माझ्या मोबाईलवर मेसेज आला. यांनी यायचं तिकीट रद्द केलंय. जायचं तसंच ठेवलंय.

लगेच फोन लावला. म्हणाले, "त्या दिवशी माझ्या शिफ्टला तो गेला होता, सुलक्षणा. त्याच्या आईला कोणतं तोंड दाखवू? तू आबांना सांभाळ." आन् फोन ठेवला. आता उचलत न्हाईत.

विमान तीनला हाय. मांडवगणहून सत्यजीतदादा गाडी घेऊन आलाय, आम्ही पुण्याला विमानतळावर चाललोय. आईंना एवढ्यात काही सांगू नका.

तुमचा मोबाईल या चिठ्ठीवरच ठेवलाय. यांचा फोन आला तर रागावू नका, रडूही नका. उसाला पाणी कवा सोडायचं, खत कोणतं टाकायचं, काहीही विचारा. पण त्यांना बोलत ठेवा.

सुलक्षणा