कूलरसमोर झोपलेले बाबा

२३ मे

पोचले. इंदूरला दादा घ्यायला आला होता. गाडीत नुसता एसीवर बोलला, म्हणजे घाबरलाय.

उज्जैनला पोचतो तर नानाखेड्यात आमच्या कॉलनीच्या गेटवरच शर्मा आंटी. "अरे मिनू, तू तो लंदन में थी ना?" लंडन नाही, हे सांगून सांगून दोन वर्षं झाली. आता नाही सांगत.

बाबा पलंगावर, तीन उशांना टेकून. पहिलं वाक्य: "आलीस? मग तुझा शो कोण लावणार?" बोलताना मधेच थांबून श्वास घ्यावा लागतो त्यांना. चौकश्या मात्र पूर्ण.

हाना लावेल म्हटलं. स्टुडिओत माझ्या बाजूला बसते, तिला सगळं समजावून आलेय. आर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा शो आणि मीच इथे. असो. हे लिहितानासुद्धा लाज वाटतेय की मला शोची काळजी आहे.

२५ मे

आडवं झालं की त्यांना धाप लागते. उशांवर बसूनच झोपतात, मान कलंडते. ते बघवत नाही.

मागच्या मे महिन्यात हाच माणूस जेवण झालं की कूलरसमोर फरशीवर उताणा. चटई नको, उशी नको. छातीवर ओला पंचा, आणि कूलरची हवा कानात शिरते म्हणून दोन्ही कानांत कापूस. चार वाजले की आपोआप उठायचे आणि चहा मागायचे. मी सुट्टीभर त्यांना काढत होते. त्यांना पत्ता नव्हता, किंवा होता आणि झोपेचं सोंग होतं. जाताना स्केचेस तिकडे घेऊन गेले, आणि आईची भैरवगढच्या छपाईची जुनी चादरही. चादरीच्या उलट बाजूवर मेण आणि रंग घेऊन बाबांना पूर्ण मापाचं काढलं. डोक्यापासून पायापर्यंत. पुढची छपाई मागून थोडी झिरपते, ती तशीच राहू दिली.

तेच आता तिकडे भिंतीवर लागणार आहे. माझं शेवटच्या वर्षाचं सगळं त्या एका चादरीवर आहे.

२९ मे

इंदूर. मोठं हॉस्पि. हृदयाचा व्हॉल्व्ह नीट बंद होत नाही, ऑपरेशन करून बदलावा लागेल. डॉ. तरुण आहेत, घाईत बोलतात. बाबांचा पाय अंगठ्याने दाबला, खळगा पडला आणि तसाच राहिला.

"पैरों में सूजन कब से है?"

आई म्हणाली, "अभी अभी. पंधरा-बीस दिन."

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

येताना देवासला दादाने कचोरी घेतली, बाबांना नाही दिली, तर रुसले.

२ जून

हानाने फोटो पाठवले. चादर लागली! सुरेख लागलीय, थोडी सैल, हलते म्हणे. खूश होऊन मोठं करून बघत बसले. कापूस, पंचा, पोट, मग पाय.

पायांपाशी थांबले.

घोट्यांच्या वर मोज्यांच्या इलास्टिकचा वण आहे. खोल. सकाळी फिरून आले की बूट-मोजे काढायचे, आणि दुपारपर्यंत तो वण जायचा नाही. मी काढलाय तो. दोन्ही पायांवर, नीट, सावलीसकट. घोट्याचं हाड दिसत नाही, कारण सुजेत बुडालंय, आणि मी ते न दिसणंसुद्धा बरोबर काढलंय.

हे मागच्या मेमधलं आहे.

मार्गारेटबाई (आमच्या मुख्य शिक्षिका) याच पायांजवळ उभ्या राहून म्हणाल्या होत्या की तुझी नजर फार प्रामाणिक आहे. केवढी फुगले होते मी तेव्हा. घरी फोन करून सांगितलं होतं, बाबांनाच.

३ जून

दादाला दाखवलं. बराच वेळ बघून म्हणाला, "यार मिनू, इतकं बारीक काढलंस. तर मग बोलली का नाहीस?"

काय सांगू. मला वाटलं म्हाताऱ्या माणसांचे पाय असेच असतात. मला ते *चांगले* वाटले, काढायला. हेच खरं आहे, आणि हे कुणाला सांगायची सोय नाही.

४ जून

रिपोर्ट दाखवायला गेलो तेव्हा डॉ. ना फोनवर फोटो दाखवला. चित्र आहे म्हटलं, पण बघून काढलेलं आहे, मागच्या उन्हाळ्यातलं. त्यांनी चित्राबद्दल काही म्हटलं नाही. फक्त पायांवर झूम केलं.

"मतलब साल भर से है. ठीक है, तो फिर रुकना नहीं है."

ऑपरेशनला १२ तारीख मिळाली.

६ जून

मार्गारेटबाईंची मेल. बाहेरून आलेल्या परीक्षकबाई माझ्या चादरीसमोर रडल्या. कॉलेजला ते काम स्वतःकडे कायमचं ठेवायचंय. आणि पुढे: तुझ्या दिवंगत वडिलांना याहून सुंदर निरोप देता आला नसता. पाटीवर "वडिलांच्या स्मृतीस" असं लिहिलंय, चालेल ना?

तीनदा वाचली. आधी हसू आलं, खरंच. मग फोटो उघडला आणि त्यांच्या डोळ्यांनी बघितला. उताणा माणूस, बिनउशीचा, थेट जमिनीवर. छातीवर ओलं फडकं. कानात कापूस. पायाचे अंगठे जुळलेले.

अरे देवा.

वर मी शेवटच्या आठवड्यात "घरी वडिलांसाठी जावं लागतंय" एवढंच सांगून निघाले होते. त्यांनी काय समजायचं?

बाहेर बाबा आईशी मिठावरून भांडत होते. पथ्याची भाजी ही भाजीच नाही म्हणे.

७ जून

उत्तर लिहिलं नाही.

कारण १: खरं सांगितलं तर चित्रातलं मरण निघून जाईल आणि उरेल एक गृहस्थ, जेवून झोपलेला. त्यासाठी कोण रडणार? कोण ठेवून घेणार?

कारण २: "माझे वडील जिवंत आहेत" हे वाक्य १२ तारखेच्या आधी लिहायची भीती वाटते. दृष्ट लागल्यासारखी. मी तिकडे दोन वर्षं काढून आलेली मुलगी, मला दृष्ट लागते.

आणि गप्प राहिले तर त्या पाटीखाली रोज त्यांना मारतेय. हे तिसरं.

८ जून

व्हायचं ते झालं. कॉलेजने चादरीचा फोटो नेटवर कुठेतरी टाकला, पाटीसकट. पुण्याच्या मावसबहिणीला दिसला, तिने शुभांगी मावशीला पाठवला. मावशी इथेच फ्रीगंजमध्ये राहते, टावर चौकात दुकानात होती, तिथूनच तिने रडत फोन लावला. आई देवापाशी होती. फोन बाबांनी घेतला.

"कोण बोलतंय?" मावशी.

"मीच. अजून मीच बोलतोय," बाबा.

फोन ठेवून हसायला लागले, हसताना धाप लागली, दादा धावला. त्या गडबडीत आईने माझ्या हातातून माझा फोन घेतला आणि बघितलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. अगदी हळू म्हणाली, "जमिनीवर घेतलंस त्यांना?"

"आई, ते दुपारचे झोपलेत गं. तुला माहितीये ना, कूलर."

"मला माहितीये. मी रोज ओलांडून जायचे त्यांना. पण असं भिंतीवर टांगून ठेवतात का जिवंत माणसाला? वर लिहून? उतरव म्हणाव. ऑपरेशनच्या आधी उतरलं पाहिजे ते."

९ जून

हानाला विचारलं. शुक्रवारपर्यंत, म्हणजे १३ पर्यंत, काम भिंतीवर असायलाच हवं, त्या दिवशी परीक्षक शेवटचं बघून मार्क ठरवतात. रिकाम्या भिंतीला मार्क नाहीत.

आईला सांगितलं. "बस, समजलं मला," म्हणाली आणि भेंडी चिरायला बसली. दुपारी दादाकडून बाबांचा पलंग फिरवून घेतला. डोकं दक्षिणेला होतं इतकी वर्षं आणि दक्षिणेलाच ठेवायचं असतं, तरी फिरवलं. "आई, मतलब काय याचा?" दादाने विचारलं. आईने पलंगाकडे एकदा बघितलं. मग पुन्हा होता तसा लावून घेतला. आईला असं गोंधळलेलं कधी बघितलं नव्हतं.

मला तिचा राग येतोय आणि तिच्यासारखीच भीतीही वाटतेय. माझं म्हणणं असं की चित्राने काही होत नाही. पण मग मी परवा मेलमध्ये "जिवंत" हा शब्द का नाही लिहू शकले?

१० जून

बाबांनीच दादाचा लॅपटॉप मागवला. "माझं चित्र सगळ्या उज्जैनने बघितलं, मी नको बघू?"

चष्मा पुसला. खूप वेळ बघितलं. बँकेत सही पडताळायचे तसं, आधी हा कोपरा, मग तो.

"नाक माझं नाही, तुझ्या आजोबांचं काढलंस. पाय बरोबर आहेत."

मग म्हणाले, "सूज दिसली होती तुला?"

"दिसली होती. कळली नाही."

"मला कळली होती."

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"मोजे काढताना दिसायचं ना. चढ चढलं की दमायला पण होत होतं. विचार केला, तू गेलीस की दाखवू डॉक्टरला. आधी दाखवलं असतं तर तू गेली नसतीस. मग तू गेलीस, आणि राहूनच गेलं."

मी रडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला नाही वगैरे, ते तसे नाहीत. म्हणाले, "आता नाक तरी सुधार."

आणि: "त्या बाईंना लिहून टाक की मनुष्य अजून आहे. हवा लागते म्हणून कापूस घालतो. यात लपवण्यासारखं काय आहे?"

"आई उतरव म्हणतेय."

"तिच्याशी मी काय बोलणार? मला स्वतःलाच ते बघून कसंसंच झालं."

हे म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

११ जून

उद्या. आज संध्याकाळीच ॲडमिट करायचंय, बॅग भरली.

दुपारी आईने चहा केला. बाबांचा कप त्यांच्या हातात दिला, माझा माझ्यासमोर ठेवला, आणि उभी राहिली.

"ते उतरवलं तर तुझं वर्ष जातं, ना?"

"हो."

"त्यांना नाही चालणार ते. मलाच ऐकवतील." पदराने हात पुसत राहिली. "मग एक कर. त्याच्यासमोर चहा ठेवायला सांग. जमिनीवर, हाताजवळ."

"चहा?"

"गेलेल्याच्या उशाशी दिवा ठेवतात. चहा नाही ठेवत. चहा झोपलेल्याला ठेवतात, उठल्यावर प्यायला. आणि गरम हवा. रिकामा कप नको शोपीससारखा."

बाबा म्हणाले, "साखर घालायला सांग. चित्रातल्याला पथ्य नाही."

आई हसली नाही. मीही नाही हसले.

मग बसून मेल लिहिली. माझे वडील जिवंत आहेत. ते दुपारचे झोपले आहेत, आमच्याकडे मे महिन्यात असंच झोपतात. उद्या त्यांचं ऑपरेशन आहे. पाटी काढा. समोर गरम चहाचा कप ठेवा. यानंतर तुम्हाला हे काम नको असेल किंवा मार्क बदलावेसे वाटले तर ते मला समजू शकतं. (नाही समजू शकत, पण लिहिलं.)

पाठवताना आई बाजूला उभी होती. इंग्रजी वाचून दाखवायला लावलं, मग म्हणाली, "पाठव."

१२ जून

इंदूर. वेटिंग हॉल, लोखंडी खुर्च्या. आधीची केस लांबली, बाबांना दुपारी आत घेतलं. नेताना म्हणाले, "यांच्या एसीला कापूस लागेल." सिस्टर म्हणाली, "अंकल, आप बस आराम से लेटो." त्यांना आडवं केलं आणि लगेच धाप लागली. मग दार बंद झालं.

मार्गारेटबाईंची मेल आलीय. पाटी काढली. तुझे वडील आहेत याचा फार आनंद झाला. परीक्षकांना सांगावं लागेल, उद्या काय ठरेल ते आत्ता सांगू शकत नाही. एवढंच.

हानाचा फोटो: चादर, आणि खाली फरशीवर निळ्या कडेचा मग. त्यांच्याकडचा चहा, फिकट, पण वाफ दिसतेय. आईला दाखवला. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला.

"दूध कमी आहे," म्हणाली. फोन परत दिला नाही.

दादा दाराशी फेऱ्या मारतोय. कुणी बाहेर आलं की आम्ही तिघं उठतो. अजून आमच्यासाठी कुणी आलेलं नाही.

चार वाजून गेले.

हानाचा मेसेज: चहा निवला. तसाच राहू दे की दुसरा करून ठेवू?

आईला मराठीत सांगितलं. तिने दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दुसरा ठेव म्हणाव. निवला की पुन्हा दुसरा. हे बाहेर येईपर्यंत."

तसंच लिहिलं.