तोफेच्या थापा

४ नोव्हेंबर, सोमवार

मिळाला! शेवटचा वर्ग मिळाला. जिन्याखालची खोली, एक फळा, सहा मुलं — बाकीच्या वर्गांनी हात टेकलेली. गणिताचे सर म्हणाले, "बाई, हेल्मेट आणा." मोठ्या बाईंनी (आमच्या मुख्याध्यापिका) सहा फॉर्म हातात ठेवले. प्रत्येक मुलाच्या नावापुढे अकरा रकाने: उर्मट, भांडखोर, गैरहजर, अभ्यासात शून्य... मुलाला जमतं काय, याला रकानाच नाही! मी पेनाने बारावा काढला. वाकडा आला.

सहापैकी पाच आली होती. त्यातला एक दिवसभर बाकाखाली बसला. असू दे, आला तर खरा.

५ नोव्हेंबर

सहावी आली, सव्वा तास उशिरा. तेरा वर्षांची. अख्खी शाळा तिला "तोफ" म्हणते. आवाज ऐकला आणि कारण विचारावं लागलं नाही.

"उशीर का?"

जराही न थांबता: "बाई, शेजारच्या आजोबांची कवळी पोपटाने पळवली. तोंडात घालून तारेवर बसला. तो हसला की आजोबांचं हसू दिसायचं! खाली आजोबा बोळक्या तोंडाने शिव्या घालतायत, एक शिवी नीट कळेल तर शपथ. मग मी शिडी लावली..."

बाकाखालून खुदकन् आवाज आला. दोन दिवसांत पहिल्यांदा.

आजोबा नाहीत, पोपट नाही, शिडी तर नाहीच. चौकशी केली. पण काय रंगवलंन्! बाराव्या रकान्यात लिहिलं: थापा मारणे — उत्तम.

७ नोव्हेंबर

आज एक गोष्ट लक्षात आली. मुलं आळीपाळीने धडा वाचत होती. तोफेची पाळी दोन मुलांवर आली आणि तिने शेजारणीची वेणी ओढली. आरडाओरड, रडारड, पाळी चुकली. कालही असंच झालं होतं. परवाही!

ती भांडखोर नाही. तिला वाचता येत नाही. सुटी अक्षरं ओळखते, जोडाक्षर आलं की भांडण काढते. सातवीपर्यंत हे कुणाला कळलं नाही? ती कळू देत नाही! केवढी हुशारी लागत असेल त्याला.

वन्संना सांगितलं. (वन्सं म्हणजे माझी नणंद, निवृत्त परिचारिका. आमच्याकडेच असते आणि प्रत्येक गोष्टीवर मत देते.) म्हणाली, "वहिनी, ज्या हाताची शीर सापडते त्याच हाताला सुई लावतात. उगाच दुसरा हात टोचत बसत नाहीत."

१२ नोव्हेंबर

सापडली शीर!

काल पोपटाची थाप तिच्याकडून पुन्हा वदवून घेतली, जशी बोलली तशी वहीत उतरवली. आज तिच्यापुढे ठेवून बोट फिरवत वाचायला लागले. ती मध्येच ओरडली, "पळाला नाही! सटकला म्हटलं होतं मी!"

"कुठे लिहिलंय पळाला?"

तिने बोट ठेवलं. बरोब्बर.

उद्यापासून मुद्दाम चुका घालणार. दुसऱ्याच्या चुका काढायला तर ती जन्मालाच आली आहे.

१३ नोव्हेंबर

पाच चुका घातल्या होत्या. तिने सहा काढल्या. सहावी खरंच माझी होती — एक शब्दच गाळला होता! लाजच वाटली. आणि आनंदही, दोन्ही एकदम.

१८ नोव्हेंबर

तोफ वेळेवर आली. उशीर नाही, म्हणून कारणही नाही! तिचाच चेहरा पडला. म्हटलं, "मग उद्याच्या उशिराचं आज सांग." बसली. लिफ्टमध्ये अडकलेला बँडवाला, त्याचा ढोल, आत अडकलेल्या सात माणसांनी केलेला नाच. दोन पानं मी उतरवली. शेवटची ओळ तिने स्वतः लिहिली. "ढोल" उलटा काढला. पण लिहिला!

बाकाखालचा आता बाकावर बसतो. तिथून गोष्ट नीट ऐकू येते म्हणे.

२० नोव्हेंबर

मूर्ख. मी मूर्ख.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तिची वही वाचून दाखवली. सगळे पोट धरून हसले. मी खूश! आणि तासाभराने गणिताचे सर व्हरांड्यात तिला म्हणाले, "काय पोपटराव, कवळी घासली का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. सरांकडे नाही, माझ्याकडे. "तुम्ही सांगितलंत." वही घेतली, टराटरा फाडली आणि गेली.

२२ नोव्हेंबर

आली नाही. कालही नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, "दहा डिसेंबरला तिच्याबद्दल बैठक आहे. बहुतेक नाव काढावं लागेल. तीन वर्षं वाट पाहिली, बाई."

घरी येऊन सांगितलं. वन्संसुद्धा गप्प. वन्सं गप्प, म्हणजे प्रकरण गंभीर.

२५ नोव्हेंबर, सोमवार

आली! सगळ्यांत मागे बसली, पाठ माझ्याकडे.

मी सगळ्यांसमोर माफी मागितली. म्हटलं, "ते वाचलं कारण सगळ्यांना कळावं की तू किती छान..."

"थाप जमली नाही, बाई," पाठमोरीच म्हणाली. "खरं सांगा."

मग सांगून टाकलं: "मला मिरवायचं होतं. बघा, मी काय करून दाखवलं, असं."

ती वळली. "आता पटलं. माझं लिहिलेलं मला विचारल्याशिवाय वाचायचं नाही."

"नाही वाचणार."

"आणि नवी वही तुम्ही आणायची."

आणली होतीच. पिशवीतच होती.

२९ नोव्हेंबर

दोन भांडणं, एक गैरहजेरी, पाऊण पान वाचन. एकूण चांगला आठवडा!

४ डिसेंबर

तिची नवी युक्ती: जोडाक्षर आलं की त्याच्यावरच खेकसते. "ए, सरक बाजूला!" मग दोन अक्षरं सुटी करून वाचते आणि पुन्हा चिकटवते. हे मी शिकवलेलं नाही. आता सहाही जणं जोडाक्षरांवर खेकसतात. शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

१० डिसेंबर, मंगळवार

बैठक.

टेबलापलीकडे मोठ्या बाई, गणिताचे सर, आणखी दोघं. अलीकडे आम्ही दोघी. मी विचारलं, "वाचशील?" ती म्हणाली, "मीच ठरवणार कुठलं." नव्या वहीत पुन्हा उतरवलेला बँडवाला निवडला.

पहिली ओळ ठीक. दुसऱ्या ओळीत "लिफ्ट"पाशी अडली. तिचा हात शेजारी सरकला — माझ्या बाहीकडे! म्हटलं, आता ओढते, आता भांडण. पण तिने नुसती बाही धरली. मोठ्या बाईंकडे बघून म्हणाली, "थांबा जरा. हे अक्षर माझ्याशी भांडतंय." आणि वाचलं. फ-ट. फ्ट. लिफ्ट!

दोन्ही पानं वाचली. चौदा मिनिटं लागली, मी घड्याळ बघत होते. सात माणसांच्या नाचापाशी गणिताचे सर हसले, मग तोंडावर हात ठेवून म्हणाले, "त्या दिवशीचं... माझं चुकलं हं, पोरी."

मोठ्या बाईंनी फॉर्म उचलला. "हा बारावा रकाना कुणी काढला?"

"मी."

"पट्टी वापरायची, बाई." मग तिच्याकडे वळून: "वर्ष पूर्ण कर. पण भांडण आणि दांड्या खपवून घेणार नाही. घरी तसं पत्र देते."

जिन्यात तोफेने अशी काही आरोळी ठोकली की शिपाई धावत आला. घरी येऊन वन्संना सांगितलं. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, धूळ गेली.

१४ डिसेंबर, शनिवार

तोफेची आई आली होती. मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. रुग्णालयाच्या चादरी धुते, हात पांढरेफटक. दारातच उभी राहिली, काळजीत.

"बाई, मला काही वाचता येत नाही. तीन वर्षं शाळेची सगळी पत्रं पोरगीच वाचून दाखवते. कशी घडाघडा वाचायची! आणि प्रत्येक पत्रात तिचं कौतुकच कौतुक. काल नवं पत्र आलं, तर बोट ठेवून, अडखळत अडखळत वाचलं. आणि मजकूर तरी कसला — भांडते, शाळा बुडवते... वाचताना रडली, पण शेवटपर्यंत वाचलं. खरं सांगा बाई, तुमच्या वर्गात आल्यापासून तिचं वाचन बिघडलं का हो?"