दुकान बंद का आहे

३ जून

ती. ताईस सा. न., आणि नमस्काराबरोबर थोडा खोकलाही.

फोनवर तू ऐकलास तोच. तीन आठवडे झाले, जायचं नाव घेत नाही. संध्याकाळी अंगात कसकस असते, आणि पट्ट्याला परवा नवं भोक पाडावं लागलं. डॉक्टरांनी थुंकी तपासायची चिठ्ठी दिली आहे. ती काउंटरच्या खणात, स्क्रूच्या डबीखाली आहे. तू ओरडायच्या आधीच सांगतो, जाईन.

पण माझा धंदा बघ. गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवायचा तर माझं तोंड त्याच्या तोंडापासून वीतभर. चष्मेवाल्याला क्षय झालाय असं एकदा गल्लीत फुटलं, की मी ठणठणीत झालो तरी माझ्यासमोर नाक पुढे करेल कोण? चिठ्ठी खणात आहे तोवर मला नुसता खोकला आहे.

मनी बाळाला घेऊन वीस तारखेला महिनाभर राहायला येते आहे. पंधरा दिवसांपूर्वी एक दिवस येऊन गेली, तेव्हा गुंडू दुपारभर माझ्या छातीवर झोपला होता. लेकीपेक्षा नातवाचीच वाट बघतोय, हे तिला कळवू नकोस.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ

७ जून

चि. भाऊस अ. आ.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पंधरा दिवसांपूर्वी, म्हणजे तुझा खोकला सुरू झाल्यावर. तीन महिन्यांचं बाळ ते. अशा बाळाला काय होऊ शकतं ते मला इथे लिहवत नाही.

तू मला कडक नर्सबाई म्हणतोस. त्या नर्सबाईने कुणाला न सांगितलेली एक गोष्ट आज तुला सांगते. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी अंगात ताप असताना ड्यूटीवर गेले. दोघी आधीच रजेवर, तिसरीने कोणत्या तोंडाने सांगायचं, म्हणून गोळी घेतली आणि गेले. अकरा नंबरच्या खाटेवर ऑपरेशन झालेल्या एक बाई होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांना तसाच ताप चढला. त्या गेल्या. माझ्यामुळे गेल्या असं कुणी म्हणालं नाही, कारण मला ताप होता हे कुणाला ठाऊकच नव्हतं. माझ्यामुळेच का, ते मलाही आजवर ठाऊक नाही. ते न कळलेलं घेऊन मी निवृत्त झाले.

चिठ्ठी काढ आणि उद्या जा. निकाल येईपर्यंत शटर खाली, तोंडाला मास्क, खिडक्या उघड्या. जीव टांगणीला लागलाय, दोन ओळी तरी लिही.

अजूनही कडक,
ताई

१३ जून

ती. ताईस सा. न., आज जरा लांबूनच.

क्षयच निघाला. औषध सुरू झालं. पहिल्या दिवशी लघवी नारिंगी झालेली बघून मी इतका घाबरलो की दवाखान्यातल्या नर्सला फोन केला. ती हसली आणि म्हणाली की हे सगळ्यांनाच होतं.

शटरवर आधी पाटी लावली, घरगुती कारणास्तव दुकान बंद. समोरच्या फुटपाथवर जाऊन वाचली. तुझ्या अकरा नंबरच्या बाई आठवल्या. परत आलो, कागद फाडला आणि दुसरा लिहिला: मला क्षयरोग झाला आहे, उपचार सुरू आहेत, गेल्या दोन महिन्यांत माझ्याजवळ बराच वेळ बसलेल्यांनी तपासून घ्यावं. घाईघाईत लिहिलेलं अक्षर डॉक्टरांच्या वर गेलं. मग गिऱ्हाइकांची वही घेऊन बसलो आणि फोन केले. रोज माझ्याबरोबर चहा घेणारा शेजारचा शिंपी शिवण तसंच टाकून तपासायला गेला. एका गिऱ्हाईकाने मला इतकं झाडलं की कान लाल झाले. गल्लीत गाणं शिकवणाऱ्या बाईंनी मात्र एवढंच विचारलं, की त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली आहे, तर महिनाभर दोरा बांधून चालेल का.

बेचाळीस जणांना सांगितलं, ताई. मनीला नाही सांगता आलं. घराचं रंगकाम काढलंय, वासाने बाळाला त्रास होईल, पुढच्या महिन्यात ये, असं सांगून बसलो.

या भित्र्याला पदरात घे.

भाऊ

१६ जून

चि. भाऊस. आशीर्वाद नंतर.

बेचाळीस परक्यांना खरं आणि पोटच्या पोरीला रंगकाम? तिला येऊ नको म्हणालास ते बरं केलंस, पण गुंडू तुझ्याजवळ आधीच येऊन गेलाय. त्याला आज डॉक्टर हवा आहे, पुढच्या महिन्यात नाही. ती तुझ्यावर चिडेल म्हणून तू गप्प आहेस. चिडू दे. हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी सांग. एकोणीस तारखेला सकाळी मी तिला फोन करणार आहे, आणि तिला ते तुझ्याऐवजी माझ्याकडून कळावं असं मला मुळीच वाटत नाही.

ताई

४ जुलै

ती. ताईस सा. न., आणि पाया पडतो.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी सांगितलं. मनीने खोकला कोणत्या तारखेला सुरू झाला तेवढं विचारलं. मी खरी तारीख सांगितली. तिने फोन ठेवला.

ते तीन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. चौथ्या दिवशी जावयांचा निरोप आला. गुंडूच्या छातीच्या फोटोत काही नाही, तरी खबरदारी म्हणून सहा महिने त्याला रोज औषध द्यायचं आहे. शेवटी मनीने सांगायला लावलेलं एक वाक्य होतं, की बाबांनी रोज सकाळी गोळ्या घेतल्या की फोन करावा.

तेव्हापासून करतोय. ती फोन उचलते, मी घेतल्या म्हणतो, ती ठेवते. शिंप्याची तपासणी झाली, त्याला काही नाही. आणखी दोघांचे निकाल यायचे आहेत, त्यांची धाकधूक आहेच. कालच्या तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले की पुढच्या आठवड्यात दुकान उघडायला हरकत नाही. कोण येईल ते बघू.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच. आज सकाळी नेहमीसारखं घेतल्या म्हणालो आणि फोन ठेवला जायची वाट बघत राहिलो. तो ठेवला गेला नाही. मागे गुंडू रडत होता. मग मनी हळूच म्हणाली की त्यानेही घेतलं.

तुझा भाऊ