औषधांचं स्टोअर आणि पेपरमिंटची डबी

सोमवार, ३ मार्च
मुलीचा फोन. शनिवारी नातीला घेऊन महिनाभर राहायला येते म्हणाली, पण एका अटीवर. मागच्या खेपेला माझ्या बीपीच्या गोळ्या टीव्हीपाशी, बायकोच्या गुडघ्याच्या गोळ्या फ्रीजवर आणि खोकल्याचं औषध खिडकीत होतं. या खेपेला एक जरी औषध पोरीच्या हाताला लागेल असं दिसलं, तर आल्या पावली परत. मला ही अट! कारखान्याचं स्टोअर सांभाळण्यात माझा जन्म गेला, एक नट हरवला नाही. एक हातगाडी गेली होती, पण ती गोष्ट वेगळी.

मंगळवार, ४ मार्च
कुलपाची लोखंडी पेटी आणली. सगळी औषधं आत, पेटी कपाटाच्या माथ्यावर. बायको म्हणाली, माझा हात पोचत नाही. म्हटलं, तोच तर उद्देश आहे. नियम लावला : औषधवाटप सकाळी नऊ ते साडेनऊ.

संध्याकाळी
बायकोचा गुडघा दुखायला लागला. वाटपाची वेळ टळून गेलेली. एकदा अपवाद केला की स्टोअर बुडालंच. जेवायला बसलो तर ती म्हणाली, वाढायची वेळ टळून गेली. नियमात तातडीने दुरुस्ती केली.

बुधवार, ५ मार्च
किल्ली एकाच जागी ठेवणं हा नवशिक्यांचा कारभार. मी रोज जागा बदलणार. आज भिंतीवरच्या घड्याळामागे.

गुरुवार, ६ मार्च
किल्ली घड्याळामागे नाही. म्हणजे मी ती हलवली आहे. म्हणजे पद्धत उत्तम चालली आहे. मला सापडत नाही, तर पाच वर्षांच्या पोरीला काय सापडणार? सकाळची गोळी मात्र राहिली. दुपारी किल्ली बुटात मिळाली, पाय घातल्यावर.

उपाय : इमर्जन्सी स्टॉक. बीपीच्या थोड्या गोळ्या पाकिटातून सोडवून पेपरमिंटच्या रिकाम्या डबीत भरल्या. डबी शर्टाच्या खिशात. मागच्या खेपेला नातीला याच डबीतून पेपरमिंट द्यायचो. चांगली वस्तू कामी आली. बायको डबीकडे बराच वेळ बघत होती. कौतुक करायचं तिच्या जिवावर येतं.

शुक्रवार, ७ मार्च
किल्ली पुन्हा बेपत्ता. फिकीर नाही, डबी आहे. आजची गोळी गोड आणि थंडगार लागली. कंपनीने दर्जा सुधारलेला दिसतो. बायकोने चहाबरोबर हातावर एक व्हिटॅमिन ठेवलं. घेतलं, बापडीच्या समाधानासाठी.

शनिवार, ८ मार्च
मुलगी आली. सगळं घर पालथं घातलं, उशा उचलून पाहिल्या. एक औषध दिसलं नाही. म्हणाली, बाबा, मानलं तुम्हाला. मूठभर मांस चढलं. शर्ट खुर्चीवर टाकून आंघोळीला गेलो.

बाहेर येतो तर नात खुर्चीपाशी, डबी उघडी, एक गाल फुगलेला. म्हणाली, आजोबांचं पेपरमिंट.

पायाखालची जमीन सरकली. ओरडलोच की त्यात गोळ्या आहेत, थुंक बाळा, थुंक. मुलीने तिच्या तोंडात बोट घातलं. मी टॉवेलवरच डॉक्टरांना फोन लावला, तो मेहुण्याला लागला. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. म्हणाली, पेपरमिंटच आहेत, मी गुरुवारीच बदलले. काल चहाबरोबर दिलं ते व्हिटॅमिन नव्हतं, तुमची बीपीची गोळी होती.

नातीला मांडीवर घेऊन खालीच बसलो. पोरीला काही झालं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं?

मुलगी बॅग भरायला लागली. बायको तिला म्हणाली, हरवलेली किल्ली मला सापडली आहे, आजपासून ती माझ्याकडे आणि गोळ्या पाकिटातच राहतील. मुलीने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि बॅग खाली ठेवली.

रविवार, ९ मार्च
स्टोअरचा चार्ज बायकोला दिला. स्वखुशीने. किल्ली कुठे असते ते मला सांगितलेलं नाही. बरोबरच आहे, पद्धत माझीच आहे.

सकाळी गोळी मिळाली. नात समोर उभी. आईने तिला काम नेमून दिलंय. म्हणाली, आजोबा, आ करा. आ केला. जीभ वर करा. केली. वाकून नीट पाहिलं आणि आतल्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात आजीला कळवलं की गिळली.

मग शहाण्यासारखं वागलो म्हणून मला एक पेपरमिंट मिळालं. डबी आता तिच्या फ्रॉकच्या खिशात असते.