निकाल कमी, गोष्ट जास्त

२ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप समारंभ थाटात झाला. अपील कोर्टातली बावीस वर्षं, चार भाषणं, आणि गुच्छ एवढा मोठा की मागे तूच दिसेनास! मी पाचव्या रांगेत होतो. शेजारच्या वकिलाने आपण कोण म्हणून विचारलं, तर बाईंचा धाकटा भाऊ असं सांगितलं. मीही खालच्या कोर्टात न्यायाधीश होतो, हे काही तोंडातून निघालं नाही.

चिडवत नाही गं, जळतोय. त्या परिचारिकेला कामावर परत घ्या, हा माझा निकाल तुमच्या कोर्टाने फिरवला आणि वर ‘निकाल कमी, गोष्ट जास्त’ असा शेरा मारला. त्यानंतर बढतीच्या यादीत माझं नाव कधी लागलंच नाही. असो. गुडघा जप.

तुझा,
धाकटा

९ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

औषधाची मात्रा चुकली म्हणून रुग्णालयाने तिला काढलं होतं. चूक सलग तिसरी पाळी करायला लावणाऱ्यांची आहे, असं तू लिहिलंस. तू भाऊ, म्हणून मी त्या अपिलातून बाजूला झाले. सगळ्यांनी वाखाणलं. पण फाइल परत देण्याआधी मी तुझा निकाल दोनदा वाचला. तिच्या थकलेल्या हातांबद्दल तू जे लिहिलंयस, तसं मला जन्मात जमलं नसतं. तेव्हा मीही तुझ्यावर जळले.

ते अपील ज्यांच्याकडे गेलं, त्या सहकाऱ्यांनी चहाच्या वेळी तुझा विषय काढला. मी हसत म्हटलं, की भाऊ लिहितो छान, पण निकाल कमी, गोष्ट जास्त. ते शब्द माझे होते रे. मला क्षमा कर.

ताई

१३ मार्च
ताईस,
नमस्कार. आज साष्टांग लिहवत नाही.

दोन दिवस अंथरुणात पडून होतो. मला पित्त झालंय, असं हिला सांगितलं. बढती गेली, ते मी गिळीन. पण आपण एकमेकांवर जळत बसलो आणि नोकरी तिची गेली. अकरा वर्षांत तिचं पुढे काय झालं, हे मीही कधी विचारलं नाही. माझी क्षमा मागू नकोस. तिच्याकडे जा.

धाकटा

२८ मार्च
चि. धाकट्यास,
आशीर्वाद, चालत असतील तर.

काल तिच्याकडे गेले. दुसरा मजला, दोन खोल्या. आता ती घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांचं करते. बसायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. ती ओरडली नाही. हे तोंडी नको, कागदावर द्या, एवढंच म्हणाली. तिच्या ओट्यावरच लिहून सही केली. ती तो कागद वकिलाला दाखवणार आहे. माझ्या नावाचं काय व्हायचं ते होवो.

मग तिने कपाटातून तुझा निकाल काढला. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या. वरच्या कोर्टाने काहीही म्हटलं तरी आपली बाजू कुणीतरी नीट लिहून ठेवलीय, असं म्हणाली. मुलीलाही वाचायला दिलाय म्हणे. माझे एवढे निकाल, पण एकही कुणी असा जपल्याचं मला ठाऊक नाही. आणि खरं सांगते, तिच्यासमोर मान खाली घालून उभी असतानासुद्धा मला तुझा हेवाच वाटला.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही. पत्र मात्र टाक.

ताई