बंधुराजांचा तापलेला कॉम्प्युटर

तीर्थस्वरूप वन्संना,

भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे निम्माच वाकून; उरलेला मनाने पोचता करून घ्यावा.) तुमचे गुडघे काय म्हणतात? डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घालता, की बाटली संपेल म्हणून जपून ठेवून दिली आहे? तुमच्या माहेरच्या माणसांचा काही भरवसा नाही, म्हणून विचारते. इकडे मी ठणठणीत आहे. जेवते, झोपते, कामालाही लागले आहे. चार दिवस राहायला येते असं तुम्ही फोनवर म्हणालात, पण एवढ्या लांबून गुडघ्यांचे हाल करून यायची खरंच काही गरज नाही. घरातलं माणूस गेलं म्हणून मागे राहिलेलं लगेच मोडून पडतं असं थोडंच आहे? मोडून पडायलाही सवड लागते, आणि तुमच्या बंधुराजांनी मागे ठेवलेल्या कॉम्प्युटरने मला ती दिलेली नाही.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी घरबसल्या पुस्तकांची अक्षरजुळणी करते. जुना कॉम्प्युटर इतका थकला होता की एक पान उघडायला सांगावं आणि तेवढ्यात जाऊन कुकर लावून यावं. तेव्हा बंधुराजांनी जाहीर केलं की तयार कॉम्प्युटर घ्यायचा नाही, सुटे भाग आणून मी स्वतः जोडणार. (जन्मभर फ्रीज दुरुस्त केलेला माणूस. त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे थोड्याफार फरकाने फ्रीजच.) झालं! जेवणाचं टेबल त्यांच्या ताब्यात गेलं आणि आम्ही मांडीवर ताटं घेऊन जेवू लागलो. मी काही बोलायला गेले की बोट वर करायचे, म्हणजे गप्प बस, मोजणी चालली आहे. अखेर एकदाचा शेवटचा स्क्रू पिळला, बटण दाबून दिवा लागतो एवढं पाहिलं, डब्यावर थाप मारली आणि म्हणाले, हा घे तुझा, आता जरा पडतो, कणकण वाटतेय. पुढचं तुम्हाला माहीत आहे. टेबल आता मोकळं आहे, पण मी अजून मांडीवरच ताट घेते.

दिवसकार्य उरकल्यावर मी कामाला बसले. बटण दाबलं तर डब्यातला पंखा असा काही भणभणायला लागला की शेजारीण गॅलरीत येऊन बघून गेली. अर्धं पान जुळवून होतंय तोच पडदा काळा! पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. शेवटी आमच्या भावजींना, म्हणजे तुमच्याच धाकट्या बंधूंना, बोलावलं. (काही बिघडलं आणि आपल्याला बोलावलं नाही असं कळलं, तर ते महिनाभर रुसतात.) भावजी सोफ्यावर बसले, सोफ्याचं प्लास्टिक नेहमीसारखं कुरकुरलं, आणि चहा यायच्या आत निकाल लागला: प्रोसेसर तापतोय. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. असतो बिस्किटाएवढा, पण सगळं काम तोच करतो, म्हणून त्याच्या डोक्यावर तांब्याचा ठोकळा आणि पंखा बसवून त्याला गार ठेवावा लागतो. इथवर ठीक होतं. पण पुढे म्हणाले, दादाला फ्रीजमधलं कळायचं, यातलं नाही. जोडताना काहीतरी घोळ घातलाय, दुकानात देऊ, तिथे उघडून बघतील. वन्सं, माझं डोकं त्या प्रोसेसरपेक्षा जास्त तापलं. चहा गाळलेला होता, तो मी ओट्यावर तसाच ठेवला आणि त्यांना कोरडं घालवलं.

तुमच्यापाशी काय लपवायचं? मला भीती तापण्याची नव्हती, डबा उघडण्याची होती. त्याचे स्क्रू तुमच्या भावाने पिळलेत. त्यांच्या हाताने या घरात शेवटचं बंद झालेलं तेवढंच आहे. ते कुणा परक्याने सोडवायचं आणि वर म्हणायचं की इथे चुकलं होतं, हे मला सहन होईना. म्हणून मी ठरवलं, डबा न उघडता ताप उतरवायचा.

मग काय विचारता! पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दाखवायची सोय असते, ती भावजींनी जाता जाता करून दिली होती. (रुसलेले असले तरी शिकवल्याशिवाय राहवत नाही.) त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कॉम्प्युटरला काही काम नसताना आकडा चाळिशीच्या आसपास हवा. आमचा नव्वदीत, तोही लाल. मी डबा खिडकीपाशी नेला, समोर टेबलफॅन लावला, खाली वीट दिली, ओलं फडकंही पिळून आणलं होतं, पण विजेचं भान वेळेवर आलं. मग वाटलं, आकडाच खोटा असेल. म्हणून ताप मोजायचा थर्मामीटर काढला. काढला म्हणजे काय, तो अजून पाकिटात होता. सीलबंद.

तुम्हाला कळलं असेलच. त्या दिवशी मी तोच घेऊन त्यांच्या उशाशी गेले होते. म्हणाले, नवीन आहे, पाकीट फोडू नकोस उगीच, उद्यापर्यंत उतरेल. तुमच्या घराण्यात नवी वस्तू सोलत नाहीत, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून बघते आहे. रिमोटला पिशवी, मिक्सरवर दुकानाची चिठ्ठी, सोफ्यावर येईल तो पाहुणा प्लास्टिकवरून घसरतोय. सासूबाईंचं वळण, आणि तुम्ही तिघांनी ते पुढे चालवलंत. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात त्यांची परवानगी न विचारता ताप मोजला, पण तोवर उशीर झाला होता. मला त्यांचा फार राग येतो, वन्सं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण येतो त्याला काय करू? मी ते पाकीट टराटरा फाडलं आणि थर्मामीटर डब्याच्या जाळीला लावला. तो बिचारा माणसांसाठी केलेला, दोनदा किंचाळला आणि बंद पडला.

परवा डब्यातून जळकट वास आला. तेव्हा मात्र मी मनाशी म्हटलं, एकदा या घराने ताप अंगावर काढू दिला, पुन्हा नाही. त्यांचाच स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डबा टेबलावर आडवा घालून मीच उघडला. आत काय सुरेख काम, काय सांगू! एकेक वायर वळवून बांधलेली. प्रोसेसरची धग ठोकळ्यात जावी म्हणून मध्ये लावायचं मलमही बेताचं लावलेलं. मग तांब्याचा ठोकळा उचलला. त्याच्या तळाला पारदर्शक प्लास्टिक चिकटलेलं होतं, आणि त्यावर लाल अक्षरांत छापलेलं, बसवण्यापूर्वी काढा.

ते विसरले नव्हते, वन्सं. एवढी मोजणी करणारा माणूस विसरेल कसा? नवी वस्तू, म्हणून सोलली नाही! मी हसायला लागले ते खुर्चीतून घसरून खाली जमिनीवर बसेपर्यंत हसले. ते गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, तुम्हीच एकदा काळजीने विचारलं होतंत. ते तिथे आलं. आणि चांगलं वाजतगाजत आलं; शेजारीण पुन्हा गॅलरीत.

प्लास्टिक सोललं, जुनं मलम पुसलं, नळीतलं उरलेलं लावलं, डबा बंद केला. आकडा आता चाळिशीत असतो, पंखा असून नसल्यासारखा. मी दिवसभर काम करते. भावजींना सांगितलंय की आत धूळ होती. नव्या डब्यात धूळ कुठून आली, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही. तुम्हीही त्यांच्यापाशी अवाक्षर काढू नका. दादाने जोडलेलं बरोबर होतं, एवढंच म्हणायचं.

तेव्हा काळजीचं कारण नाही. लोभ आहेच, गुडघे सांभाळा, आणि यायची दगदग करू नका.

तुमची,
भावजय

ता.क. थेंबांची बाटली फोडलीत ना? ती फोडायलाच असते.

ता.क. दुसरं. पंखा भणभणायचा तोवर वाटायचं, आतल्या खोलीत कुणीतरी काहीतरी खटपट करतंय. आता घरात काही म्हणता काही ऐकू येत नाही.

ता.क. तिसरं. काल सोफ्याचं प्लास्टिक काढायला घेतलं. तुमच्या भावाच्या बसायच्या जागेपर्यंत आले आणि हात थांबला. वर दोनदा येऊ नका लिहिलंय ना, ते खोडते आहे असं समजा. या, वन्सं. उरलेलं मला एकटीला सोलवत नाही.